उद्योजकतेचे अर्थशास्त्र : चंद्रपूर-गडचिरोलीत काय शिकवावे?

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे नागपूर विद्यापीठातून वेगळे काढून २०११ साली त्यांच्यासाठी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. सिरोंचा, भामरागड, कोरची, जिवती अशा टोकाच्या तालुक्यांतल्या मुलामुलींना विद्यापीठ जवळ आले. विद्यापीठ जवळ आले की पुढचा प्रश्न येतो : तिथे शिकवले जाते ते या मुलखाच्या किती जवळचे आहे? ‘उद्योजकता’ या विषयापुरता हा प्रश्न फार निकडीचा आहे. प्रत्येक महाविद्यालयात आज उद्योजकतेचा कक्ष असतो, कार्यशाळा होतात, प्रकल्प अहवाल लिहून घेतले जातात. पण उद्योजकतेचे अर्थशास्त्र, म्हणजे जोखीम कोण घेतो, वरकड कोणाच्या हाती राहते आणि कोणते नियम हे ठरवतात, याचा अभ्यास वर्गात फारसा पोहोचत नाही.

या लेखात तीन गोष्टींचा आढावा घेतला आहे. अर्थशास्त्राने उद्योजकाकडे कसे पाहिले, शिकवून उद्योजक घडतो का याचे पुरावे काय सांगतात, आणि या दोन वनजिल्ह्यांत हा विषय शिकायचा तर कशावरून शिकायचा. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. ‘इथे उद्योजक नाहीत, ते घडवले पाहिजेत’ या गृहीतकावर आपले बहुतेक कार्यक्रम उभे आहेत आणि ते गृहीतकच चुकीचे आहे. इथे उद्योजकता भरपूर आहे. तिचा हिशेब मांडणारा अभ्यास मात्र तोकडा आहे, आणि ती उणीव भरून काढणे हे विद्यापीठाचे काम आहे.

सिद्धांतांचा मागोवा

अर्थशास्त्रात उद्योजकाची पहिली नेमकी ओळख रिचर्ड कॅन्टिलॉनने करून दिली. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ साली छापला गेला. ठरलेल्या भावाने विकत घेतो आणि पुढे काय भाव मिळेल हे ठाऊक नसताना विकायला निघतो, तो उद्योजक. मधली सगळी अनिश्चितता त्याच्या अंगावर असते. पुढे जाँ-बातिस्त से याने उत्पादनाचे घटक एकत्र आणणारा म्हणून उद्योजकाला स्थान दिले. आपल्या शालेय पुस्तकातली ‘भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन’ ही चौकट याच परंपरेतून आली.

विसाव्या शतकात दोन विचारांनी या विषयाला खोली दिली. फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. जोखीम मोजता येते, तिचा विमा उतरवता येतो. अनिश्चितता मोजताच येत नाही, आणि नफा हा ती पत्करल्याचा मोबदला असतो. जोसेफ शुंपीटर यांनी १९११ च्या ग्रंथात उद्योजकाला नव्या जुळण्या करणारा म्हटले : नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत, संघटनेचा नवा प्रकार. त्यांची ‘सर्जनशील विनाशा’ची कल्पना १९४२ ची. तिच्यावर गणिती सिद्धांत उभारणारे फिलिप अघियाँ आणि पीटर हॉविट यांना, इतिहासकार जोएल मोकिर यांच्यासह, २०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही विद्यापीठांच्या सूक्ष्म अर्थशास्त्रात उद्योजक जवळजवळ दिसतच नाही. विल्यम बॉमोल यांनी १९६८ मध्ये ही तक्रार केली होती. उत्पादनसंस्थेच्या सिद्धांतात किंमत आहे, खर्च आहे, कमाल नफ्याचे गणित आहे. ते गणित करण्याआधी ज्याला काहीतरी सुचले, तो माणूस नाही. याच बॉमोल यांनी १९९० मध्ये आणखी महत्त्वाचा मुद्दा मांडला. उद्योजक वृत्तीची माणसे प्रत्येक समाजात असतात. ती उत्पादक कामाकडे वळतील, नुसत्या वाटेकरीपणाकडे वळतील की विध्वंसाकडे, हे त्या समाजातले नियम ठरवतात. चंद्रपूर-गडचिरोलीचा अभ्यास करणाऱ्याने हे वाक्य पहिल्या तासाला वहीत उतरवून घ्यावे.

दोन धागे आणखी जोडावे लागतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवले की जंगल, पाणी, मासेमारी यांसारखी सामायिक संपत्ती माणसे स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या नीट सांभाळू शकतात. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दुसरा धागा आपल्या घरचा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे विठ्ठलराव विखे पाटलांच्या साथीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. १९५० च्या सुमारास सुरू झालेल्या त्या कारखान्यात अर्थशास्त्रज्ञाने शेतकऱ्यांच्या शेजारी बसून भागभांडवल, उसाचा भाव आणि कर्जफेड यांची घडी बसवली. उद्योजकता म्हणजे एकट्या माणसाचे धाडस, ही समजूत महाराष्ट्राने सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच खोटी ठरवली आहे.

शिकवून उद्योजक घडतो का?

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात आंध्रातील काकीनाड्याच्या लहान व्यावसायिकांना ‘कर्तृत्वाच्या प्रेरणे’चे प्रशिक्षण दिले. भारतातल्या उद्योजकता विकास कार्यक्रमांवर या प्रयोगाची मोठी छाप आहे. अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था १९८३ ची, आपले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ चे. प्रेरणा, गुण, प्रकल्प अहवाल, बँकेचे कर्ज हा क्रम तेव्हापासून रूढ झाला.

त्यानंतर बरेच पुरावे जमा झाले आणि ते सावध करणारे आहेत. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांकडून छोटी कंपनी चालवून घेणाऱ्या एका नावाजलेल्या अभ्यासक्रमाची तपासणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांच्या कौशल्यात फरक पडला नव्हता आणि स्वतःचा व्यवसाय काढण्याची इच्छा उलट कमी झाली होती. हे अपयशच मानायला नको; आपल्याला काय झेपते हे वेळेवर कळणे हेही शिक्षणच आहे. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशातल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हिशेब आणि विपणन शिकवणाऱ्या नेहमीच्या प्रशिक्षणाने लहान व्यावसायिकांचा नफा ठळकपणे वाढला नाही. पुढाकार घेण्यावर भर देणाऱ्या प्रशिक्षणाने तो ३० टक्क्यांनी वाढला.

तिसरा पुरावा या दोन जिल्ह्यांना सर्वांत लागू पडतो. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी २०११ च्या पुस्तकात गरिबांना ‘नाइलाजाचे उद्योजक’ म्हटले. नोकरी नाही म्हणून पानटपरी, किराणा किंवा शिलाई मशीन. सगळे तेच करतात म्हणून कोणाचेच वाढत नाही. बेरोजगारीला उत्तर म्हणून उद्योजकता पुढे करणाऱ्यांनी हे प्रकरण वाचायला हवे. सूरजागडच्या खाणीत किंवा चंद्रपूरच्या वीजकेंद्रात नोकरी मागणाऱ्या पदवीधराला ‘नोकरी मागणारा नको, नोकरी देणारा हो’ असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. त्याच्या गावात नफा कुठे अडतो हे त्याला दाखवून देणे अवघड आहे, आणि अर्थशास्त्राच्या विभागाकडून अपेक्षा त्याच कामाची आहे.

बांबू : आधी हक्क, मग उद्योग

हा अभ्यास कशावरून करायचा, याचे पहिले उत्तर बांबू. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला दशकानुदशके सरकारी जंगलातला बांबू कराराने मिळत आला. बांबू तोडणारा गोंड मजूर रोजीचा धनी होता, बांबूचा नव्हता. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाड मानले होते, त्यामुळे त्याची वाहतूक वनखात्याच्या परवान्याशिवाय होऊ शकत नसे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने ही व्यवस्था बदलली. देवाजी तोफा आणि गावकरी यांनी ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने सर्वसहमतीने चालणारी ग्रामसभा घडवली. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना अडला. कायद्याने बांबूला गौण वनउपज म्हटले होते, खाते त्याला लाकूड म्हणत होते. केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये राज्यांना पत्र लिहिले आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले. परवान्याचे पुस्तक त्या दिवशी ग्रामसभेच्या हाती पडले. जंगलाबाहेर वाढणारा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघायला २०१७ उजाडावे लागले.

या घटनेतून विद्यार्थ्याने काय शिकावे? मेंढ्याची माणसे परवान्याच्या आधी आळशी नव्हती आणि परवान्यानंतर एकाएकी उद्यमशील झाली नाहीत. माणसे तीच होती, जंगल तेच होते. बदलला तो नियम. बॉमोल यांचा सिद्धांत याहून स्वच्छ कुठे दिसेल? त्याच वेळी एक प्रचलित मत इथे तपासून घ्यावे लागते. अर्थतज्ज्ञ हर्नांदो द सोटो यांनी २००० साली मांडले की गरिबांच्या मालमत्तेला कागद मिळाला की ती तारण ठेवून भांडवल उभे राहते. वनहक्काचा कागद मात्र वारशाने मिळतो, पण विकता येत नाही आणि हस्तांतरितही करता येत नाही. आदिवासींच्या शेतजमिनीवरही हस्तांतरणाचे निर्बंध आहेत, आणि जमीन लुबाडली जाऊ नये म्हणून ते आवश्यकही आहेत. मग तारणाशिवाय खेळते भांडवल कुठून आणायचे? आगाऊ विक्रीतून, गावकोषातून, की व्यापाऱ्याच्या महाग पडणाऱ्या उचलीतून? हा प्रश्न जगातल्या कोणत्याही तयार पुस्तकात सुटलेला सापडणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने वेगळी वाट धरली. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने बांबूची तोड आणि विक्री स्वतः हाती घेतली आणि तेंदूपत्ता तोडणे बंद केले. पाने तोडण्यासाठी झुडपे छाटली जातात, आगी लागतात, पक्ष्यांचे आणि माणसांचे फळ बुडते, असा त्यांचा विचार होता. हातचे रोख उत्पन्न सोडून जंगलाची पुढची पन्नास वर्षे निवडणे हा गुंतवणुकीचा निर्णय आहे. भविष्यातल्या लाभाला आजच्या तुलनेत किती मोल द्यायचे, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न पाचगावने गावसभेत बसून सोडवला.

तेंदू : लिलावाचे अर्थशास्त्र

पाचगावने जे सोडले त्यावरच गडचिरोलीच्या शेकडो गावांचा उन्हाळा चालतो. एप्रिल-मे महिन्यांतल्या थोड्या दिवसांत पाने तोडायची, पुडे बांधायचे, फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन वाळवायचे. १९६९ च्या राज्य कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात होता. वनहक्क कायदा आणि अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा यांनी तो ग्रामसभांकडे वळण्याची वाट उघडली, आणि पेसासाठीचे राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. आज ग्रामसभा स्वतः जाहिरात देतात, बोली मागवतात आणि ठेकेदाराशी करार करतात. कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, ती मुख्यतः भाव करण्याची ताकद एकवटावी म्हणून.

आता हा व्यवहार अर्थशास्त्राच्या नजरेने पाहा. मिळकतीचे दोन भाग असतात. पाने तोडणाऱ्या कुटुंबाची मजुरी हा एक आणि ग्रामसभेची रॉयल्टी हा दुसरा. ठेकेदार हंगामाआधी बोली लावतो, तेव्हा पानाची प्रत, अवकाळी पाऊस, गारपीट आणि परराज्यांतल्या विडी कारखान्यांची मागणी यांतले काहीच त्याला नक्की ठाऊक नसते. २०१७ च्या हंगामात बोली फार वर गेल्या आणि पुढच्या वर्षी कोसळल्या. पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० मध्ये लिलावाच्या सिद्धांतासाठी नोबेल मिळाले. त्या सिद्धांतात ‘विजेत्याचा शाप’ नावाचा भाग आहे : जिच्या मोलाबद्दल सगळेच सारखे अंधारात असतात अशा वस्तूवर जो सर्वांत जास्त बोली लावतो, तो बहुधा सर्वांत जास्त चुकलेला असतो. अशा ठेकेदाराचे नुकसान कोणाकडे सरकते? करारात अनामत आणि हप्ते नीट लिहिलेले नसतील तर ते पाने तोडणाऱ्या बाईकडे सरकते, कारण तिची मजुरी अडकते. उद्योजक म्हणून ज्याचे नाव आहे तो जोखीम दुसऱ्यावर ढकलतो, आणि मजूर म्हणून जिची नोंद आहे ती जोखीम पेलते. नाइटच्या व्याख्येने खरा उद्योजक कोण, हा प्रश्न परीक्षेत विचारण्यासारखा आहे.

बाहेरचे नियमही भावात उतरतात. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तेंदूपानावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के कर बसला; सप्टेंबर २०२५ मध्ये तेंदूपानावरचा कर ५ टक्क्यांवर आला आणि विडीवरचा १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. नक्षलवाद्यांची खंडणी हाही अनेक वर्षे या व्यापाराचा न लिहिलेला खर्च होता. ठेकेदार तो बोलीतूनच वजा करणार, हे उघड आहे. आणि विडी ही आरोग्याला घातक, मागणी घटण्याचीच शक्यता असलेली वस्तू आहे. तेंदूवर किती काळ विसंबायचे याचा विचार ग्रामसभांनी करायचा आहे. त्यासाठी लागणारी आकडेमोड विद्यापीठाने पुरवायची आहे.

मोहाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी राहिली. मोहफुलाच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर अनेक वर्षे निर्बंध होते, ते राज्याने २०२१ मध्ये सैल केले. फूल वेचणाऱ्या घराला ते हंगामात लगेच, स्वस्तात विकावे लागे आणि पुढे तेच फूल महाग होई. साठवण्याचा हक्क नसला की भावातल्या चढाचा लाभ वेचणाऱ्याला मिळत नाही. दारूबंदीचा सामाजिक हेतू सांभाळून मोहाचे लाडू, सरबत, मनुकांसारखे वाळवलेले फूल यांचा बाजार किती वाढू शकतो, याचा प्रामाणिक अभ्यास व्हायला हवा. बचतगटांचे पदार्थ प्रदर्शनात खपतात, एवढ्यावरून बाजार सिद्ध होत नाही.

दादाजींचे धान

शुंपीटरचा नवप्रवर्तक पाहायचा तर नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी जावे. दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडून ठेवल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या आणि त्यातून बारीक, चवीला उत्तम, भरघोस पिकणारा वाण निघाला. त्या काळात लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ नाव पडले. हा तांदूळ चंद्रपूर-गडचिरोलीच्या गिरण्यांतून देशभर गेला. त्यांनी आणखीही वाण काढले. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१० मध्ये फोर्ब्सने त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतले आणि ३ जून २०१८ रोजी आर्थिक ओढाताणीतच ते गेले. कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ नावाने वाण प्रसारित केला; श्रेयाचा वाद पुढे बरीच वर्षे चालला.

नवनिर्मितीतून समाजाला जो लाभ होतो त्यातला किती वाटा निर्मात्याला मिळतो, हा या शाखेतला मध्यवर्ती प्रश्न आहे. विल्यम नॉर्डहाऊस यांनी अमेरिकेच्या १९४८ ते २००१ या काळासाठी अंदाज काढला तो अवघा २.२ टक्के होता. तिथे पेटंट होते, वकील होते, भांडवल होते. दादाजींच्या बियाण्याला शेतकऱ्यांच्या हातोहात पसरण्याचे स्वातंत्र्य होते, आणि लाखो गरिबांच्या ताटात तो भात पोहोचला तो त्यामुळेच. मग निर्मात्याला मोबदला कसा द्यायचा? बियाणे अडवून, की सार्वजनिक निधीतून? २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण नोंदवण्याचा अधिकार दिला, पण नोंदणीची वाट त्याला दाखवायची कोणी? नागभीड, सिंदेवाही, मूल, देसाईगंज या धानपट्ट्यातल्या महाविद्यालयांनी हे काम अंगावर घेतले तर पुढच्या दादाजीचे आयुष्य वेगळे जाईल.

झाडीपट्टी, खाण आणि कारखाना

देसाईगंज म्हणजे वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळी ते होळी या काळात इथल्या नाट्यसंस्था गावोगाव रात्रभर नाटके करतात. या रंगभूमीच्या कलेची दखल देशाने घेतली. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिच्या अर्थकारणाची दखल मात्र अभ्यासक्रमात नाही. गावातले मंडळ ठरलेल्या रकमेला नाटक घेते, मंडप घालते आणि तिकिटे विकते. गर्दी झाली तर मंडळाला नफा, थंडीपावसाने हंगाम मोडला तर तोटा मंडळाचा. कॅन्टिलॉनची व्याख्या इथे शब्दशः लागू होते, आणि तो उद्योजक म्हणजे गावातली दहा-वीस मुले असतात. सरकारी अनुदानाची वाट न पाहता, प्रेक्षकाच्या तिकिटावर चालणारा एवढा मोठा ग्रामीण सांस्कृतिक उद्योग महाराष्ट्रात विरळा. कलावंतांच्या तारखा, बिदागी, उचल, प्रवास, नेपथ्य, छपाई यांची साखळी मांडणे हा एका उत्तम प्रबंधाचा विषय आहे.

दुसरीकडे चंद्रपूर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला सरकारी कोळसाखाण सुरू झाली, तेव्हापासून मोठे भांडवल आहे. कोळसा, कागद, सिमेंट, लोहमिश्रधातू, २,९२० मेगावॉटचे वीजकेंद्र असे सगळे एका जिल्ह्यात आले. गडचिरोलीत आता सूरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा कारखाना आहे. गोंडवाना विद्यापीठाने लॉइड्स मेटल्स आणि ऑस्ट्रेलियाच्या कर्टिन विद्यापीठाशी हातमिळवणी करून खाणकामाशी निगडित तंत्रशिक्षणाकडे पाऊल टाकले आहे. स्थानिक मुलांना कुशल नोकऱ्या मिळणार असतील तर ते स्वागतार्हच आहे. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न धरून ठेवावा : शतकाहून अधिक काळ मोठे उद्योग असलेल्या चंद्रपुरात सुटे भाग, दुरुस्ती, वाहतूक, खानपान या पूरक कामांतला किती पैसा जिल्ह्यातल्या माणसांकडे राहिला? खनिजातून मिळणारा पैसा बराचसा निसर्गाच्या देणगीचा खंड असतो. तो नव्या उत्पादक कामांत गुंतवला जातो की ठेकेदारीच्या ओळखीपाळखीत जिरतो, यावर या जिल्ह्यांचे पुढचे आर्थिक रूप ठरेल. ज्या ग्रामसभा खाणीला हरकत घेतात त्यांच्याकडेही एक हिशेब असतो. तेंदू, बांबू, मोह, पाणी आणि देवराई यांचे दरवर्षीचे मोल एका बाजूला आणि खाणीचे आयुष्य दुसऱ्या बाजूला. हा हिशेब दोन्ही बाजूंनी निःपक्षपणे मांडणारी संस्था जिल्ह्यात असणे ही साऱ्यांचीच गरज आहे.

अभ्यासक्रम कसा असावा

वरच्या साऱ्यातून अभ्यासक्रमाची रूपरेषा आपोआप निघते. पहिला भाग सिद्धांताचा : कॅन्टिलॉनपासून ऑस्ट्रॉमपर्यंत, आणि गाडगीळ सोबत. दुसरा नियमांचा : वनहक्क, पेसा, जमीन हस्तांतरण, कर. तिसरा बाजाराचा : लिलाव, एकमेव खरेदीदार, साठवण, वाहतूक खर्च. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आज वडशालाच भेटते, हा भूगोलाचा तपशील नाही. तो सिरोंच्याच्या उत्पादकाच्या भावातून वजा होणारा आकडा आहे. चौथा भाग संघटनेचा : ग्रामसभा, महाग्रामसभा, बचतगट, सहकारी संस्था, उत्पादक कंपनी यांत निर्णय कोण घेतो, हिशेब कोण पाहतो, बाई बोलते का. सामूहिक उद्योगाचे गुणगान पुरेसे नाही. महाराष्ट्राच्या सहकाराने मोठे यश पाहिले आणि पुढाऱ्यांची मक्तेदारीही पाहिली. ग्रामसभांनी तो धडा आधीच घ्यायला हवा.

पाचवा भाग सर्वांत महत्त्वाचा : एक पूर्ण सत्र एका ग्रामसभेच्या, गिरणीच्या, नाट्यसंस्थेच्या किंवा मच्छीमार संस्थेच्या वह्या घेऊन बसायचे. नव्या शैक्षणिक धोरणाखालील श्रेयांक रचनेत क्षेत्रप्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांना जागा आहे. ती प्रमाणपत्रे गोळा करण्यात वाया घालवू नये. ग्रामसभेचे पॅन कार्ड, जीएसटी, लेखापरीक्षण, ठेकेदाराचा करारनामा हे सगळे वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या मुलांनी शिकायचे आणि गावाला समजावूनही द्यायचे. इथे भाषेचा लाभ मोठा आहे. गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी बोलणारी मुले वर्गातच बसलेली असतात. त्यांच्या हातची पाहणी बाहेरच्या कोणत्याही तज्ज्ञाच्या पाहणीहून खरी उतरेल.

याला आधार देणारी उदाहरणे आहेत. स्पेनच्या बास्क प्रांतात मोंद्रागोन गावी एका धर्मगुरूने १९४३ मध्ये तांत्रिक शाळा काढली, तिच्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये कामगारांच्या मालकीचा पहिला कारखाना काढला आणि १९९७ मध्ये त्या सहकारी परिवाराचे स्वतःचे विद्यापीठ झाले. गुजरातेत आणंदला दूध सहकारासाठी व्यवस्थापक हवे होते, म्हणून १९७९ मध्ये ग्रामीण व्यवस्थापन संस्था निघाली. दोन्हीकडे शिक्षण आणि उद्योग एकमेकांच्या हिशेबाला बांधलेले होते. आपल्याकडे मेंढ्याचे अभ्यास गट आहेत. निर्णय ग्रामसभा घेते. अभ्यास गटात गावकरी आणि बाहेरचे जाणकार बरोबरीने बसून विषय समजून घेतात. विद्यापीठाने नवे काही आयात करण्याआधी ही पद्धत आपल्या वर्गात आणावी. ग्रामसभांच्या प्रशिक्षणाचे काम गोंडवाना विद्यापीठाने हाती घेतलेच आहे. त्याला अर्थशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासाशी जोडणे ही पुढची पायरी आहे.

माझे मत स्पष्ट आहे. उद्योजकतेचा विषय या दोन जिल्ह्यांत प्रेरणेच्या भाषणांतून आणि प्रकल्प अहवालांच्या नमुन्यांतून शिकवणे थांबवावे. तो हक्क, जोखीम आणि हिशेब यांचा विषय म्हणून, मराठीतून, इथल्याच व्यवहारांवरून शिकवावा. त्यासाठी मोठी इमारत किंवा नवे केंद्र लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाने शेजारची एक ग्रामसभा किंवा एक उद्योग निवडावा, सलग पाच वर्षे त्याचा जमाखर्च गावासोबत लिहावा आणि दरवर्षी तो मराठीत छापून गावापुढे ठेवावा. प्राध्यापक मित्रांना माझी विनंती एवढीच आहे की येत्या सत्रातच हे काम सुरू करा.